नाव तेच, चौकट निराळी

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्या समाजात फार जुनी आहे. पेडणे-डिचोलीकडच्या घरांतून ती आमच्या लहानपणापर्यंत नियमासारखी पाळली जाई. तिच्यात प्रेम असते, स्मरण असते, आणि बारशाच्या दिवशी नावावरून होणारा वादही तिच्यामुळे टळतो. परंतु एखाद्या घराण्याच्या पाच पिढ्या एका कागदावर मांडावयाच्या झाल्या म्हणजे ही प्रेमळ चाल केवढा घोटाळा करू शकते, याचा अनुभव आम्हांस २०२४ च्या पावसाळ्यात आला. त्या घोटाळ्याची उकल कॉम्प्युटरच्या पोटात डोकावून झाली. बडोदे, इंदूर, बेळगाव, तंजावर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या वाचकांच्या घरीही अशा वंशावळी असणारच, म्हणून ही हकीकत येथे सविस्तर देत आहोत.

आमचे मूळ घर पेडणे महालातले. तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांमधला हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेला. डिचोली त्याच्या थोडी आधी गेली. म्हणून या दोन्ही महालांस ‘नव्या काबिजादी’ म्हणत. राज्य पोर्तुगिजांचे झाले, तरी घरातली वही मराठीच राहिली. आमच्या वंशावळीच्या वहीची पहिली पाने मोडीत आहेत, पुढली बाळबोध. पणजोबांनी लावलेली काजूची एक टेकडी अजून सर्वांच्या समाईक नावावर आहे. मोपाचे विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले आणि आजवर ज्या टेकडीकडे गुराख्यांखेरीज कोणी पाहिले नव्हते, तिची चौकशी करणारे फोन येऊ लागले. तेव्हा वडीलधाऱ्यांच्या मनात आले की, भांडणे होण्याआधी वाटे ठरवून टाकावेत.

गोव्यातला वारसाहक्क इतर हिंदुस्थानापेक्षा निराळा आहे, हे बाहेरच्या वाचकांस सांगितले पाहिजे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून येथे लागू झाला. मुलगा आणि मुलगी यांस सारखा वाटा, आणि लग्नाआधी निराळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी, ही त्याची मुख्य तत्त्वे. वारसाविषयीचा नवा कायदा गोव्यात २०१६ साली अमलात आला, त्यातही ही तत्त्वे कायम आहेत. त्यामुळे आमच्याकडे वाटणीच्या कागदावर लेकीसुनांची नावे गाळून चालत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर चार नावे असली तरी त्यांच्यामागे चाळीस वारस उभे असतात.

हिशेब करण्याचे काम पुतणीने अंगावर घेतले. ती कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे आणि पावसाळ्यात महिनाभर घरूनच काम करीत होती. तिच्यापुढे दोन कागद होते. एक ती जुनी वही. दुसरी, बऱ्याच वर्षांपूर्वी घरातल्याच कोणीतरी मोबदला देऊन टंकलिखित करून घेतलेली स्वच्छ यादी. तिने दोन्ही कॉम्प्युटरात भरल्या आणि ‘पायथन’ नावाच्या भाषेत एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. ही भाषा ग्विडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने रचली व १९९१ साली प्रसिद्ध केली. तिच्या हल्लीच्या आवृत्त्यांत नावे देवनागरीतही लिहिता येतात. म्हणून पुतणीने आपल्या कृतीचे नाव ‘वाटा’ ठेवले आणि त्यातल्या खणांची नावे ‘व्यक्ती’, ‘अंश’ आणि ‘मुले’ अशी ठेवली. आमच्यासारख्या शाळामास्तराला तो कागद वाचता आला, हे त्या देवनागरीचे उपकार.

कृती साधी होती. मूळ पुरुषाला अंश एक द्यावा. त्याच्या मुलांची संख्या मोजून तो सारखा विभागावा. आणि प्रत्येक मुलासाठी हीच कृती पुन्हा करावी. नवराबायकोच्या अर्ध्या-अर्ध्याचा हिशेब मागाहून हाताने करावयाचा होता. टंकलिखित यादी घातली तेव्हा प्रोग्रॅम क्षणात संपला आणि सर्व वाट्यांची बेरीज बरोबर एक आली. जुन्या वहीतली वंशावळ घातली तेव्हा मात्र यंत्राने हात टेकले आणि इंग्रजीत तक्रार छापली. तिचा अर्थ असा की, स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारण्याची मर्यादा संपली. ही मर्यादा पायथनमध्ये मुळात १,००० ची असते.

घरात सर्वांचे मत एकच पडले. वही जुनी, वाळवी लागलेली, तिच्यात काहीतरी चूक असणार. यादी स्वच्छ आहे, तिची बेरीज जुळते, तीच घ्यावी. पुतणी म्हणाली, “काका, बेरीज जुळते एवढ्यावरून यादी खरी ठरत नाही. वही का अडते ते आधी बघू दे.” आम्ही तिला, “बाये, बघ,” म्हटले आणि शेजारी खुर्ची घेऊन बसलो.

आता ती काय पाहत होती ते सांगावयाचे तर थोडे पंचतंत्राकडे वळले पाहिजे. विष्णुशर्मा राजपुत्रांना गोष्ट सांगतो. त्या गोष्टीतला दमनक कोल्हा टिटवीची गोष्ट सांगू लागतो. त्या गोष्टीतली टिटवी मध्येच कासवाची आणि हंसांची गोष्ट सांगते. कासवाची गोष्ट संपली की आपण थेट राजपुत्रांकडे जात नाही. आधी टिटवीकडे, मग दमनकाकडे, आणि शेवटी विष्णुशर्म्याकडे परततो. जी गोष्ट शेवटी उघडली ती आधी मिटते. सांगणाऱ्याला प्रत्येक अर्धवट गोष्टीविषयी दोन बाबी ध्यानात ठेवाव्या लागतात: आपण कोठे थांबलो होतो, आणि तेथे कोण कोण हजर होते.

कॉम्प्युटर हेच करतो. एका कृतीने दुसरीला हाक मारली की पहिलीचे अर्धवट काम तो एका चौकटीत नोंदवून ठेवतो. कोणती कृती, कितव्या ओळीवर थांबली, तिच्या खणांत त्या वेळी काय होते, आणि तिला हाक कोणी मारली होती, एवढे त्या चौकटीत असते. चौकटीवर चौकट रचत पत्रावळींसारखी चळत होते. पंगतीत वाढणारा वरची पत्रावळ आधी उचलतो, तसाच हा वरची चौकट आधी संपवतो. ॲलन ट्यूरिंगने १९४६ सालच्या आपल्या आराखड्यात ‘पुरणे’ आणि ‘उकरणे’ अशा अर्थाचे शब्द यासाठी योजले होते. जर्मनीत बाउअर आणि झामेल्सोन या दोघांनी १९५७ मध्ये या कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केला, तेव्हा त्यांनी तिला ‘तळघर’ म्हटले. डाइक्स्ट्रा या डच पंडिताने १९६० साली दाखवून दिले की, अशी चळत असली म्हणजे एखादी कृती स्वतःलाच हाक मारू शकते. आमच्या ‘वाटा’ची सारी मदार त्यावरच होती.

एरवी ही चळत डोळ्यांआड असते. काम बिघडले म्हणजे यंत्र तिचा गोषवारा छापते. पण त्यात फक्त ओळी असतात. आमच्या बाबतीत गोषवारा असा आला की, एकच ओळ, आणि तिच्याखाली ‘हीच ओळ आणखी नऊशेच्या वर वेळा’ अशी टीप. कोणाची पाळी होती, अंश किती होता, काही नाही. हजार पत्रावळी आहेत एवढे कळले. कोणत्या पत्रावळीवर काय वाढले होते ते कळले नाही.

त्यासाठी पुतणीने भाषेच्या आतल्या दाराचा उपयोग केला. पायथनमध्ये ‘गेटफ्रेम’ नावाची एक सोय आहे. तिच्या नावाआधी खालची रेघ असते. त्या रेघेचा अर्थ असा की, ही घरातल्या माणसांसाठीची वाट आहे, पाहुण्यांनी दिवाणखान्यातून यावे. आणि पायथनच्या प्रत्येक अवतारात ती असेलच अशी हमी नाही. ती वापरली की चालू असलेली चौकट हाती येते. चौकटीत ‘मागे’ असा एक दुवा असतो, त्याने हाक मारणाराची चौकट मिळते. तिच्यातून तिच्या मागली. असे करीत तळापर्यंत उतरता येते. सर्वांत खालच्या चौकटीच्या मागे काही नसते. प्रत्येक चौकटीला तिचे खण उघडून दाखवावयास सांगता येते. पायथनचा दुभाषी सी भाषेत लिहिलेला आहे आणि त्या थरातूनही हेच प्रश्न विचारण्याची साधने दिलेली आहेत. परंतु आमच्या कामास वरचे दार पुरेसे झाले.

तिने बारा-पंधरा ओळी लिहिल्या. चळत बारा चौकटींची झाली की थांबावे, आणि वरून खाली जाताना प्रत्येक चौकटीतली ‘व्यक्ती’ छापावी. पडद्यावर जे आले ते येथे नावे बदलून देतो: रामा विष्णू, विष्णू रामा, रामा विष्णू, विष्णू रामा, पुन्हा रामा विष्णू. असे सहा वेळा.

आम्ही दोघेही क्षणभर हसलो. आमच्या पणजोबांचे नाव रामा, वडिलांचे विष्णू. त्यांच्या थोरल्या मुलाला आजोबांचे नाव मिळाले, म्हणून तो विष्णू रामा. त्याच्या मुलाला त्याच्या आजोबांचे मिळाले, म्हणून तो रामा विष्णू. आपल्याकडे माणूस ओळखावयाचा तो स्वतःच्या आणि बापाच्या नावाने. आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल पाळली की दर दोन पिढ्यांनी तीच जोडी परत येते. कॉम्प्युटरच्या लेखी पणजोबा आणि त्यांचा नातू हा एकच मनुष्य होता. तो पणजोबांकडून मुलाकडे जाई, मुलाकडून नातवाकडे, आणि नातवाचे पान उघडावे तो पणजोबांचेच उघडे. मग पुन्हा पहिल्यापासून.

परंतु खरी गोष्ट दुसऱ्या खणात होती. पुतणीने सर्वांत खालच्या ‘वाटा’च्या चौकटीतला ‘मुले’ हा खण छापला. आमच्या पणजोबांना मुले तीन. खणात नावे चार होती. चौथे नाव डिचोलीच्या काकींच्या लेकीचे होते.

या काकी म्हणजे त्या दुसऱ्या रामा विष्णूंच्या, आमच्या वडिलांच्या चुलतभावाच्या पत्नी. नवऱ्याच्या पश्चात गेली कित्येक वर्षे त्या डिचोलीस लेकीकडे राहतात. वय पंचाऐंशीच्या घरात. दोन्ही रामा एक झाल्यामुळे नातवाची लेक पणजोबांची लेक ठरली होती. आम्ही लगेच ती टंकलिखित यादी पुढे ओढली. तिच्यात पणजोबांची मुले बरोबर तीन होती. विष्णू रामांच्या खाली मात्र त्यांची एक मुलगी, म्हणजे आमच्या आत्या, एवढेच नाव होते. यादी उतरविणाराला दुसरा रामा विष्णू दिसला तेव्हा तो चुकून दुबार आला असे त्याला वाटले असावे. त्याने ती नोंद बायको-मुलीसकट गाळली होती.

म्हणून ती यादी अडली नाही, आणि म्हणूनच तिची बेरीज जुळली. पणजोबांच्या तीन मुलांस एकतृतीयांश प्रत्येकी. त्यातला विष्णू रामांचा एकतृतीयांश वास्तविक दोघांत वाटला जावयाचा, म्हणजे एकषष्ठांश मुलाकडे आणि एकषष्ठांश मुलीकडे. यादीप्रमाणे तो सबंध आत्यांकडे गेला होता. एक मनुष्य गाळला तरी वाट्यांची बेरीज एकच राहते. त्याचा वाटा उरलेल्यांत मुरतो. जो कागद बिनतक्रार चालला तो खोटा होता, आणि ज्या वहीने यंत्र अडविले तिच्यात सारी माणसे जागच्या जागी होती.

उपाय दोन ओळींचा निघाला. प्रत्येक माणसाला नावाऐवजी क्रमांक द्यावा. तसे केल्यावर जुनी वहीही क्षणात पार पडली. चळत पाच-सहा चौकटींच्या वर गेली नाही. काकी आणि त्यांची लेक यांचा मिळून एकषष्ठांश, अर्धा एकीचा आणि अर्धा दुसरीचा, कागदावर आला.

एकषष्ठांश कोठून तरी यावयाचा होता. तो आत्यांच्या मुलांच्या वाट्यातून आला. आत्या हयात नाहीत. त्यांचे दोघे मुलगे गोव्याबाहेर असतात आणि त्यांनी यादी पाहून मनाशी काही बेत केले असल्यास नवल नव्हते. त्यांचा यात कोणताच दोष नव्हता, म्हणूनच त्यांना सांगणे अवघड होते. पुतणीने निकाल न पाठविता त्या बारा चौकटींचा छापील कागद आणि वहीच्या पानांची छायाचित्रे पाठविली. थोरल्याने आठवड्यात सही केली. धाकट्याने दोन महिने घेतले, चारदा प्रश्न विचारले, आणि मग केली. त्याचे प्रश्न रास्त होते. केवळ ‘कॉम्प्युटर असे म्हणतो’ एवढ्यावर कोणी आपला निम्मा वाटा सोडू नये. यंत्र त्या उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने आले ते पाहावयास मागावे.

काकींना सांगावयास आम्ही म्हापसा, अस्नोडा करीत डिचोलीस गेलो. जमिनीचे त्यांनी फारसे मनावर घेतले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे इतकी वर्षे त्या कागदावर हे नव्हतेच?” आम्ही नाही म्हटले. “आजेसासऱ्यांचे नाव यांना ठेवले, याचे यांना केवढे कौतुक होते,” असे म्हणून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी नवा कागद मागून घेतला, नवऱ्याच्या नावापुढचा क्रमांक लेकीकडून मोठ्याने वाचून घेतला, आणि तो पुन्हा एकदा वाचावयास सांगितला.

या चौकटींविषयी पुतणीने आणखी काही सांगितले, ते नोंदवून ठेवण्यासारखे आहे. चौकट हाती धरून ठेवली तर तिच्या खणांतले सर्व काही यंत्राच्या स्मरणात जिवंत राहते आणि जागा अडवते. म्हणून पाहून झाले की ती सोडावी, असा या भाषेच्या जाणकारांचा दंडक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ३.११ या आवृत्तीपासून यंत्र कामापुरत्या हलक्या नोंदी ठेवते आणि कोणी मागितली तरच पूर्ण चौकट तयार करते. तिच्या कॉम्प्युटरवर ३.१२ ही आवृत्ती होती. तीत दुसऱ्या कृतीच्या चौकटीतले खण पाहता येत, पण त्यांत केलेला बदल टिकेलच असे नसे. पाहणाराच्या हाती खणांची नक्कल येई. ऑक्टोबर २०२४ मध्ये ३.१३ आली आणि तेव्हापासून त्या खणांत लिहिलेले खरोखर लिहिले जाते. दुरुस्ती करणाऱ्यांची त्याने सोय झाली. आमच्या कामात मात्र नुसते पाहणेच पुरे होते. अंश बदलून बेरीज जुळविता आली असती, पण तो उद्योग त्या टंकलिखित यादीने आधीच करून ठेवला होता.

असो. वाचकांपैकी ज्यांच्या घरी वंशावळ असेल, आणि महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या घरांतून ती बहुधा जपलेली असते, त्यांना आमची विनंती आहे. नावापुढे क्रमांक घाला. जन्माचे साल माहीत असेल तर घाला. आईचे नाव लिहा. बापाचे आणि आजोबांचे नाव फिरून येते, आईचे सहसा येत नाही. सुनांची माहेरची नावेही लिहा, कारण लग्नात नाव बदलल्यामुळे एकाच स्त्रीच्या दोन नोंदी होतात, म्हणजे आमच्या घोटाळ्याच्या नेमके उलट. आणि नवी स्वच्छ प्रत केली म्हणून जुनी वही टाकून देऊ नका. आमची वही आता प्लॅस्टिकच्या पिशवीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवली आहे, आणि दुसऱ्या रामा विष्णूंच्या नावाशेजारी पेन्सिलीने ‘१७’ असा आकडा घातला आहे.